कात्रजचा घाट, सायकल आणि संगणक अभियंता

कात्रज हे पुण्याच्या दक्षिण टोकाचे उपनगर. स्वारगेटहून निघालेला सातारा रस्ता धनकवडी ओलांडून इथे येतो आणि थोड्याच अंतरावर डोंगराला भिडतो. पेशवेकालीन तलाव, १९९९ मध्ये पेशवे पार्कातून हलवलेले राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आणि जिल्हा दूध संघाची डेअरी या इथल्या ठळक खुणा. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या भागात एक वेगळा जीवनक्रम रुजला आहे. आठवडाभर संगणकासमोर प्रोग्रॅमिंग, शनिवार-रविवारी शंभर-दोनशे किलोमीटरची सायकल रपेट आणि उरलेल्या वेळात घरच्या घरी जोपासलेला एखादा छंद, असा तो क्रम. वाढत्या पगारांबरोबर आलेली ही हौस, असे त्याच्याबद्दल सहज म्हटले जाते. पण यंत्रविद्या, सायकल आणि घरचा छंद या तिन्ही गोष्टी पुण्यात संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत, आणि त्यांचा एकमेकींशी संबंधही जुना आहे.

कात्रजला अभियांत्रिकीची ओळख सर्वांत आधी पाण्याने करून दिली. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, इथल्या ओढ्यावर बंधारे घालून तलाव बांधले गेले आणि त्यांचे पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत नेले गेले. माणूस आत शिरून साफसफाई करू शकेल एवढा हा नळ प्रशस्त होता. हवा खेळती राहावी आणि पाण्याचा दाब आवरता यावा म्हणून वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. पंप नाही, चाक नाही. सगळा प्रवास उताराच्या हिशेबावर. कात्रज शहरापेक्षा उंचावर आहे, एवढ्या एका गोष्टीचा हा नेमका उपयोग होता. शहरातून दक्षिणेला सायकल मारणाऱ्याला तोच चढ आज पायांत जाणवतो.

घाटाची कीर्ती त्याहूनही जुनी. १६६३ मध्ये शायिस्ताखानावरच्या छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना या घाटाच्या दिशेने चकवले, ही कथा परंपरेने चालत आली आणि कात्रजचा घाट बोलीत कायमचा जाऊन बसला. पुढे इंग्रजी अमदानीत माथ्यावर बोगदा खणून सातारा रस्ता गाड्यांसाठी सोयीचा करण्यात आला. पुण्याहून सातारा, कोल्हापूर, बेळगावकडे जाणारी वाहतूक या घाटातून गेली ती अगदी अलीकडेपर्यंत.

या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, बेळगावात, महाराष्ट्राच्या यंत्रउद्योगाचा आरंभ एका सायकलच्या दुकानातून झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक चित्रकला शिकवत असत. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला प्रारंभ १८८८ सालचा मानतो, आणि त्या प्रारंभी होते ते सायकलींच्या विक्री-दुरुस्तीचे काम. त्या काळात सायकल ही भारी किमतीची नवलाची वस्तू होती. ती विकायची तर चालवायलाही शिकवावे लागे. सायकलीवरून लक्ष्मणराव कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आणि त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांनी १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल एंजिन्स सुरू केली. सायकलच्या दुकानापासून डिझेल इंजिनापर्यंतचा हा क्रम योगायोगाचा म्हणता येत नाही. साखळी, दाते, बेअरिंग, चाकातल्या तारांचा ताण हे सगळे ज्या यंत्रात उघड्यावर दिसते, हाताने सोडवता येते आणि पुन्हा जोडता येते, असे सामान्य माणसाच्या आटोक्यातले पहिले यंत्र सायकल हेच होते.

पुणे सायकलींचे शहर झाले ते विसाव्या शतकाच्या मध्यावर. कारणे साधी आहेत. पेठांचे शहर आटोपशीर होते. कसब्यातून निघालेला माणूस पाऊण तासात शहराच्या कुठल्याही टोकाला पोचू शके. १८५४ पासूनचे अभियांत्रिकी महाविद्यालय, फर्ग्युसन, स. प., आणि १९४९ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ यांमुळे विद्यार्थ्यांची संख्या मोठी होती. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू होता, आणि १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आल्यावर त्या बाजूला कारखान्यांची रांग लागली. पाळी सुटली की कामगारांच्या सायकलींचा लोंढा रस्ताभर पसरायचा. प्रत्येक सायकलीला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट बसवलेले पोलिसाने पाहिले तर दंड होई. ज्यांच्याकडे स्वतःची सायकल नव्हती त्यांच्यासाठी गल्लीच्या तोंडाशी तासावर सायकल देणारे दुकान असे, आणि अनेक मुले आधी कैचीत पाय घालून याच भाड्याच्या सायकलींवर शिकली.

मग शहराची अंतरे वाढली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांमधली हजारो घरे गेली. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या आणि वस्ती पर्वतीच्या दक्षिणेला सरकत सातारा रस्त्याला लागली. अंतर वाढत असतानाच पुण्याच्या कारखान्यांनी सायकलीला पर्याय तयार केला. बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यातून स्कूटर बाहेर पडू लागली आणि १९७२ मध्ये चेतक आली; तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. त्याच वर्षी हस्तीमल फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना बाजारात आणली. पन्नास सीसीच्या या मोपेडला पेडल होते, त्यामुळे सायकलस्वाराला ती परकी वाटली नाही. कारकून, शिक्षिका, महाविद्यालयीन मुली सायकलीवरून थेट लुनावर गेल्या. पुण्याची सायकल मागे पडली ती पुण्याच्याच अभियंत्यांच्या कर्तबगारीमुळे, ही गोष्ट शहराच्या इतिहासात जेवढ्या ठळकपणे यायला हवी तेवढी येत नाही. १९९० पर्यंत सायकल ही दूधवाला, पेपरवाला, गवंडी आणि शाळकरी मुले यांच्यापुरती उरली, आणि स्कूटर परवडत नाही म्हणून सायकल, असा तिच्यावर शिक्का बसला.

संगणकाचा धागा याच काळात सुरू होतो. टाटांचे संशोधन केंद्र, टीआरडीडीसी, १९८१ मध्ये पुण्यात आले. त्याच वर्षी पाटणी कॉम्प्युटर्समधून बाहेर पडलेल्या सात अभियंत्यांनी पुण्यात इन्फोसिस स्थापन केली. १९८३ मध्ये ती बंगळूरला गेली. पण कात्रजच्या दृष्टीने १९८३ साल वेगळ्या कारणाने मोलाचे आहे. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि त्या वर्षी धनकवडीच्या माळावर दोन महाविद्यालये सुरू झाली. एक भारती विद्यापीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय. दुसरे पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचे पीआयसीटी, जे नावापासूनच संगणकाला वाहिलेले होते. परगावची मुले इथे आली. कात्रज, आंबेगाव, बालाजीनगर या भागांत त्यांच्यासाठी खोल्या, खानावळी, मेस निघाल्या. शिक्षण संपल्यावर त्यांतल्या अनेकांनी याच परिसरात घरे घेतली, कारण पेठांतली आणि कोथरुडातली घरे परवडत नव्हती आणि इथली परवडत होती.

नोकऱ्याही आल्या. १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये पर्सिस्टंट सुरू केली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क आकाराला आले. हिंजवडी शहराच्या वायव्येला, कात्रज दक्षिणेला. तरी देहूरोड-कात्रज बाह्यवळण मार्गामुळे ही दोन टोके पंचवीसेक किलोमीटरच्या एका सरळ पट्ट्याने जोडली गेली. सकाळी कात्रज चौकात कंपन्यांच्या बसची वाट पाहणारे, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले तरुण हे या चौकाचे रोजचे दृश्य झाले.

याच बाह्यवळण मार्गाने सायकलीसाठीही एक मोठे काम करून ठेवले, तेही ठरवून नव्हे. महामार्गासाठी डोंगरातून नवा बोगदा निघाला आणि ट्रक, एसटी, लांब पल्ल्याच्या गाड्या यांचा मोठा भार तिकडे गेला. जुना घाट स्थानिक वाहतुकीपुरता उरला. चढ बेताचा, वळणे रुंद, दोन्ही बाजूंना वन खात्याची झाडी, माथ्यावर जुना बोगदा आणि मागे वळून पाहिले की खाली अख्खे शहर. नव्याने सायकल घेतलेल्या माणसाला यापेक्षा चांगली पहिली परीक्षा पुण्यात क्वचितच मिळेल. सिंहगडाचा चढ अंगावर येतो, बोपदेव घाट मध्येच दम काढतो. कात्रज मात्र एका गिअरवर, एका लयीत चढू देतो. पायी जाणाऱ्यांनी तर हा माथा आधीच आपलासा केला होता. इथून डोंगरधारेने रातोरात सिंहगड गाठायचा कात्रज-सिंहगड ट्रेक, तरुणांच्या भाषेत 'के टू एस', पुण्याच्या गिर्यारोहकांचा जुना ठेवा आहे.

अभियंते सायकलीकडे वळले ती कारणे त्यांच्या कामातच होती. प्रोग्रॅमिंग हे बैठे काम. दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत, नजर पडद्यावर, आणि ग्राहक अमेरिकेत असेल तर संध्याकाळी सात-आठला फोनवरच्या बैठका. पाठ, मान, पोट या तिन्ही तक्रारी तिशीतच सुरू होतात. मात्र अमेरिकेची रात्र म्हणजे इथली सकाळ, त्यामुळे पहाटे पाच ते आठ हा वेळ कोणी मागत नाही. तिकडचा शुक्रवार इथल्या शनिवारी पहाटे संपतो आणि त्यानंतर दोन दिवस फोन शांत असतो. लांब पल्ल्याची सायकल नेमकी या दोन फटींत बसली. त्याच सुमारास परदेशी बनावटीच्या, हलक्या, अनेक गिअरच्या सायकली भारतात सहज मिळू लागल्या. २००५ मध्ये फायरफॉक्स कंपनी सुरू झाली आणि पाठोपाठ इतर ब्रँड आले. स्कूटरपेक्षा महाग सायकल कोणी हौसेने विकत घेईल, हे १९८० च्या पुणेकराला पटले नसते.

या हौसेला शिस्तीची चौकट मिळाली ती फ्रान्समधल्या एका जुन्या प्रथेमुळे. १८९१ मध्ये 'ल पेती जुर्नाल' या वृत्तपत्राचे संपादक पिएर जिफार यांनी पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत भरवली. शार्ल तेरों जिंकला. पुढे या अंतराला स्पर्धेऐवजी सहनशक्तीच्या कसोटीचे रूप आले आणि ओदाक्स क्लब पारिझियाँ या संस्थेने 'ब्रेव्हे' नावाची जगभर चालणारी पद्धत घालून दिली. भारतात ती २०१० च्या आसपास मूळ धरू लागली आणि तिच्या उभारणीत पुण्याच्या दिव्या ताटे यांचा वाटा मोठा आहे. पुण्यात तिला सरळ 'बीआरएम' म्हणतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. एका हंगामात चारही पूर्ण करणारा 'सुपर रँडोनर' होतो. पहिला-दुसरा असा क्रमांक नसतो. वेळेत आले की सगळे सारखे. सोबत मदतीची गाडी चालत नाही, रात्री दिवे आणि चमकणारे जाकीट सक्तीचे. ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा, नाहीतर तिथल्या हॉटेलची किंवा एटीएमची वेळ छापलेली पावती जपून आणायची.

पुण्याहून दक्षिणेला जाणारी २०० ची वाट पाहिली तर या प्रकाराचा अंदाज येतो. पहाटे अंधारात कात्रजचा घाट, जुना बोगदा, पलीकडे शिंदेवाडीचा उतार. खेड शिवापूरला उजाडते. कापूरहोळ मागे पडते, शिरवळला नीरा ओलांडली की सातारा जिल्हा सुरू होतो. पुढे खंबाटकीचा घाट चढावा लागतो. सुरूर फाट्यावरून वाई, आणि वाईनंतर पसरणीचा घाट चढून पाचगणी. तिथे शिक्का घेईपर्यंत ऊन चढलेले असते आणि शंभर किलोमीटर झालेले असतात. पोहे, ताक, मीठ-साखरेचे पाणी, आणि परत. परतीच्या वाटेवर शेवटची परीक्षा असते ती पुन्हा कात्रज. सकाळी सहज वाटलेला हा डोंगर १९० किलोमीटरनंतर शिंदेवाडीच्या अंगाने चढताना पुरता ओळखू येतो. वेग, विश्रांती आणि उरलेला वेळ यांचा हिशेब इथे सतत करावा लागतो. मोठे काम टप्प्यांत पाडून प्रत्येक टप्प्याला थोडा वेळ राखून ठेवायची सवय असलेल्या अभियंत्याला तो जमतो. म्हणून या रांगेत संगणक क्षेत्रातली माणसे इतकी दिसतात. डॉक्टर, शिक्षक, सैनिक, व्यापारीही त्यांत असतातच.

महाराष्ट्राला लांब पल्ल्याच्या सायकलीची परंपरा नव्हती असे मुळीच नाही. मुंबईचे अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तीन पारशी तरुण १९२३ मध्ये सायकलवर निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ मध्ये परतले. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून मान मिळत आला आहे. नव्या पिढीने ही रेषा पुढे नेली. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिकला असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. या शर्यतीच्या पात्रतेसाठी पुणे ते गोवा ही सहाशेहून अधिक किलोमीटरची 'डेक्कन क्लिफहँगर' भरवली जाते, आणि २०१९ मध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला भारतातून शेकडो सायकलस्वार गेले होते.

उरला घरचा छंद. पोटापाण्याचे काम एक आणि मनाचे काम दुसरे, ही रीत पुण्यात खोल रुजलेली आहे आणि तिने शहराला संस्था दिल्या आहेत. चष्म्याचे दुकान चालवणाऱ्या दिनकर केळकरांनी हौसेने जमवलेल्या दिवे, अडकित्ते, वाद्ये, दारे-खिडक्यांमधून राजा केळकर संग्रहालय झाले, आणि १९७५ मध्ये त्यांनी ते राज्य सरकारला देऊन टाकले. हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून चालू आहे. कर्वे रस्त्यावरचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय भाऊ जोशी यांच्या छंदातून १९९८ मध्ये उभे राहिले; त्यातले रूळ, सिग्नल, घाट, गावे पाहताना यंत्र हाताळणाऱ्या बोटांची जिद्द दिसते. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकली शोधून, दुरुस्त करून त्यांचे संग्रहालय मांडले आहे. दुसऱ्या महायुद्धातली, मधोमध दुमडता येणारी बीएसएची छत्रीधारी सैनिकांची सायकल तिथे पाहायला मिळते.

यंत्रविद्या, सायकल आणि घरचा छंद अरविंद गुप्तांच्या एका खेळण्यात एकत्र आले. कानपूर आयआयटीचे हे अभियंते पुण्यात टेल्कोमध्ये नोकरीला होते. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी काड्यापेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व ट्यूबने जोडायची युक्ती काढली. वीतभर व्हॉल्व ट्यूब, तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, त्यांत दोन्हीकडून खुपसलेल्या काड्या: एवढ्यावर त्रिकोण, चौकोन, घन, घरे उभी राहतात. त्रिकोण दाबला तरी हलत नाही आणि चौकोन कलतो, हे मूल हाताने शिकते. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी केली. पंक्चरच्या दुकानात मिळणारी ती रबरी नळी भूमिती शिकवण्याचे साधन झाली, याचे मोल फार मोठे आहे.

कात्रजच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत संग्रहालयाला जागा नसते. इथला छंद गॅलरीत मावतो: कुंड्यांतली मिरची आणि कढीपत्ता, तबला किंवा बासरी, घरी भाजलेला पाव, एखादा छोटा संगणक जोडून कुंड्यांना वेळेवर पाणी घालायची व्यवस्था. सायकलची निगा हा त्यातलाच एक. रविवारी संध्याकाळी सायकल उलटी उभी केली जाते. साखळीवरची घाटातली धूळ रॉकेलच्या फडक्याने निघते, मग प्रत्येक कडीवर तेलाचा थेंब. चाक आऊट असेल तर ते गरागरा फिरवून ब्रेकच्या गुटक्याला कुठे घासते ते पाहायचे, त्या जागेच्या तारा चावीने पाव-पाव आटा फिरवून सैल-घट्ट करायच्या. घाई केली की चाक आणखी वाकडे होते. घरातली लहान मुले हे काम पाहत बसतात आणि पाना द्यायला शिकतात. वेळेची ओढाताण मात्र खरी असते. ६०० ची ब्रेव्हे म्हणजे शनिवार-रविवार दोन्ही गेले, आणि त्या दोन दिवसांचा घरकामाचा भार दुसऱ्या कोणीतरी उचललेला असतो. जिथे हा भार आळीपाळीने उचलला जातो तिथेच हा जीवनक्रम वर्षानुवर्षे टिकतो. नवरा-बायको दोघेही सायकल चालवणारी घरे वाढत आहेत, ही त्यातली समाधानाची गोष्ट.

२०२० च्या टाळेबंदीने घर हेच कार्यालय केले. ब्रेव्हे थांबल्या, पण सायकलींची मागणी एवढी वाढली की दुकानांत माल पुरेना. बसच्या प्रवासाचे रोजचे दोन-तीन तास वाचले, आणि अनेकांनी ते घाटाला दिले.

शहराने या सायकलींना दिलेली जागा मात्र अपुरी आहे. देशातला पहिला बीआरटी मार्ग डिसेंबर २००६ मध्ये याच कात्रज-स्वारगेट रस्त्यावर सुरू झाला आणि त्याच्या कडेने सायकल मार्ग आखले गेले. पण ते सलग राहिले नाहीत, मध्येच खांब, मध्येच टपरी, मध्येच लावलेल्या गाड्या. २०१७ मध्ये महापालिकेने शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. पाठोपाठ भाड्याच्या ॲपवरच्या सायकली आल्या आणि काही वर्षांत बहुतेक दिसेनाशा झाल्या. आजही कामावर सायकलने जाणारा अभियंता कमी, पहाटे घाटात जाणारा जास्त. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत पोचली, आणि त्याआधी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने स्वारगेट ते कात्रज या ५.४६ किलोमीटरच्या भुयारी मार्गाला मंजुरी दिली. पुणे मेट्रोच्या डब्यात सायकल नेता येते. हा मार्ग पूर्ण झाला की शिवाजीनगर किंवा पिंपरीचा सायकलस्वारही सायकलसह थेट घाटाच्या पायथ्याशी उतरू शकेल.